टाचांची छपाई

"मॅडम, तुम्ही फक्त एक चांगला स्कॅन पाठवा, बाकी आमच्यावर सोडा," मुकुल फोनवर म्हणाला. "हवा तेवढा मोठा करून छापून घेऊ. भिंतीवर लागल्यावर कोणालाही फरक कळणार नाही."

उल्का कारखानीसने फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. उजवा खांदा आताशा फोनचंही वजन सोसत नव्हता.

"मला कळेल," ती म्हणाली.

"हो, तुम्हाला कळेलच. पण बघायला येणाऱ्यांना..."

"मला कळेल म्हटलं ना. मग झालं तर."

मुकुल मूळचा दादरचा, वागायला गोड, सिंगापुरातल्या एका कलाकेंद्रात प्रदर्शनांचं काम बघायचा. 'घर' या विषयावर तिथे मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि दारातून आत शिरल्याबरोबर दिसणारी लांबलचक भिंत त्यानेच भांडून उल्कासाठी राखली होती. पण आता तोही कोंडीत सापडला होता. उल्काचं चित्र अजून छापलंच गेलं नव्हतं. कोरून तयार होतं, दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभं होतं, पण लाकडावर. कागदावर त्याचा पत्ता नव्हता.

"मॅडम, पुढच्या आठवड्यात मला भिंतीवर काहीतरी लावायचंय," तो शेवटी म्हणाला. "तुमचा छापील कागद तरी द्या, नाहीतर स्कॅन. दोन्ही नाही मिळालं तर ती भिंत एका फोटोग्राफरला द्यायची असं वरच्यांनी ठरवलंय. मी किती अडवणार?"

"अडवू नकोस. कागद येईल," उल्का म्हणाली आणि फोन ठेवला. कागद कसा येणार, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

उल्का मुद्राचित्रकार. म्हणजे ती थेट कागदावर चित्र काढत नाही. लाकडावर काढते, मग छिन्नीने कोरते. जे पांढरं हवं ते खणून काढायचं, जे काळं हवं ते उंच ठेवायचं. उंच भागाला रोलरने शाई लावायची, वर कागद घालायचा आणि दाब द्यायचा. मग कागद सोलून काढला की त्यावर चित्र उमटलेलं असतं. ऐकायला सोपं वाटतं. पण सगळी मेख त्या दाबात आहे. तो नीट पडला नाही तर महिनोन्‌महिने केलेलं कोरीवकाम पाण्यात.

ती मूळची सांगलीची. नऊ वर्षांची असताना वडिलांना अमेरिकेत, ओहायोतल्या ॲक्रन गावी, टायरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं. पासपोर्ट पुढे अमेरिकेचा झाला, पण तिचं मराठी तेव्हाच्या सांगलीतच राहिलं. सिंगापुरात, बेडोक या तिच्या वस्तीत, पुण्या-मुंबईच्या बायकांना तिची अजून मौज वाटते. आखूड कापलेले पांढरे केस, शाईचे डाग पडलेली पँट, आणि तोंड उघडलं की "अगं बया, हे काय मांडलंयस!"

पहिलं चित्र तिने अकराव्या-बाराव्या वर्षी छापलं. स्वयंपाकघरातली जमीन नवी घातली तेव्हा लिनोलियमचे तुकडे उरले होते. त्यातल्या एकावर तिने वडिलांच्या ब्लेडने शेजारच्यांचा कुत्रा कोरला. शाई म्हणून बूट पॉलिश घेतलं आणि दाब द्यायला आईचं लाटणं. कुत्रा झकास उमटला. लाटणं मात्र तिने नुसत्या फडक्याने पुसून ठेवलं, आणि त्या रात्री जेवताना वडील म्हणाले, "आज पोळीला ऑफिसच्या बुटांचा वास का येतोय?" मार बसला, पण कागद आईने फेकला नाही. ट्रंकेत ठेवला.

मुलगी डॉक्टर होणार, नाहीतर निदान दातांची डॉक्टर तरी, असं घरात गृहीत धरलेलं होतं. उल्काने कॉलेजात जाऊन मुद्राचित्रण घेतलं. वडिलांनी तो अख्खा हिवाळा तिच्याशी अबोला धरला. जे बोलायचं ते आईमार्फत. "तिला सांग, गाडीत पेट्रोल भरून ठेव." "तिला सांग, बर्फ पडायला लागलाय, टोपी घाल." उल्का टोपी घालून कॉलेजात जायची.

तिथे मोठं थोरलं लोखंडी प्रेस होतं, जहाजाच्या सुकाणूसारखं चाक असलेलं. हॅल्वरसन नावाचे प्रोफेसर होते, उंच, भुवया पांढऱ्या. त्यांनी उल्काकडे वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "तू चित्रं कोर. छापायला ही मुलं आहेत." दुसऱ्या दिवशी उल्का दुकानामागून दुधाच्या बाटल्यांचं लाकडी खोकं उचलून घेऊन आली. त्यावर उभी राहिली, चाकाच्या दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळली आणि चाक फिरवलं. चाकाबरोबर ती पण खाली आली, खोकं उलटलं, गुडघा फुटला. मुलं हसली. ती परत खोक्यावर चढली. त्या वर्षानंतर तिची चित्रं तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी छापली नाहीत.

काय छापायची ती? पाळी सुटल्यावर गेटमधून बाहेर पडणारे टायरचे कामगार. बर्फात रुतलेल्या गाड्या. लाँड्रीत कपडे धुतले जायची वाट बघत पेंगणाऱ्या बायका. चित्रं घेऊन गॅलऱ्यांमध्ये गेली की तिथले लोक कौतुकाने बघायचे आणि मग विचारायचे, "यात भारत कुठे दिसत नाही?" त्यांना हत्ती हवे असायचे, मेंदीचे हात हवे असायचे. "मी ॲक्रनची आहे," उल्का सांगायची, आणि चित्रं गुंडाळून परत आणायची. तिकडच्या मराठी मंडळात गेली की तिथले काका म्हणायचे, "उल्का, एखादा छानसा गणपती काढ की." त्यांना ती सांगायची, "काका, गणपती काढणारे पुष्कळ आहेत. लाँड्रीतल्या बायका काढणारं कोणी नाही." काका म्हणायचे, "बरोबरच आहे. दिवाणखान्यात लाँड्री कोण लावणार?"

कोणी लावलीच नाही. दोन्हीकडे नाही म्हटल्यावर माणसाचं जे होतं तेच तिचं झालं. नाव फारसं झालं नाही. एका लहानशा कॉलेजात शिकवलं, संध्याकाळचे वर्ग घेतले, चार चित्रं गावच्या लायब्ररीत लागली, दोन इस्पितळाच्या बोळात. पण जे छापलं ते आपल्या मनासारखं छापलं. या एका गोष्टीवर ती ताठ मानेने उभी राहायची.

लग्नही उशिराच केलं. श्रीनिवास डोंबिवलीचा, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याला तिच्या चित्रांतलं ओ की ठो कळायचं नाही, पण प्रेसचे गिअर कळायचे. एकदा बिघडलेलं प्रेस त्याने तासाभरात सुरू करून दिलं आणि वर म्हणाला, "हे तुझ्यापेक्षा मला जास्त घाबरतं." उल्काला तो तेव्हाच आवडला.

मग त्याच्या नोकरीने दोघांना सिंगापूरला आणलं. दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि मुक्कामाला पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली. प्रेस काही बरोबर आणता आलं नाही. बेडोकच्या फ्लॅटच्या लिफ्टमध्येही ते मावलं नसतं. ज्या कॉलेजात शिकवलं त्यालाच देऊन ती मोकळी झाली, आणि इथे आल्यावर पळीने छापायला लागली. हो, पळीनेच. शाई लावलेल्या लाकडावर कागद घालायचा आणि स्टीलच्या पळीच्या पाठीने इंच इंच घासत न्यायचा. लहान चित्रांना ते चालतं. वेळ लागतो, हात भरून येतात, पण चालतं.

नवी ओळख झाली की बायका विचारायच्या, "तुम्ही काय करता?"

"छापते."

"काय, नोटा?"

"नोटा छापत असते तर तुझ्याकडचा हा चहा प्यायला आले असते का?"

हे मोठं चित्र मात्र पळीच्या आवाक्यातलं नव्हतं. घराच्या समोरची इमारत तिने रोज पाहिली होती. खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीतून बाहेर काढलेल्या बांबूंवर वाळत घातलेले कपडे. साड्या, लुंग्या, शाळेचे गणवेश, कोण्या आजीची फुलाफुलांची पायजम्याची जोडी, कोणाचे चेहरा ओळखीचा नसूनही ओळखीचे झालेले टी-शर्ट. तिने लाकूडवाल्याकडून प्लायवूडची पुरी शीट आणली, माणसाहून उंच, आणि ती इमारत खिडकी-खिडकीने कोरत गेली. वर मोकळं आकाश ठेवलं. कोरता कोरता उजवा खांदा गेला. आधी दुखला, मग धरला, मग हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाली, "पुन्हा जोर लावायचं काम करायचं नाही." उल्काने मान हलवली आणि घरी येऊन उरलेलं आकाश डाव्या हाताने खणलं.

दाब कुठून आणायचा हे तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. अमेरिकेत उन्हाळ्यात मुद्राचित्रकार मोकळ्या मैदानात जमतात, मोठमोठी कोरीव लाकडं रस्त्यावर मांडतात, वर कापड-कागद घालतात आणि त्यावरून चक्क रोडरोलर फिरवतात. लोक जत्रेसारखे बघायला येतात. मुकुलला ही कल्पना ऐकताक्षणी आवडली होती. केंद्राच्या पार्किंगमध्ये रोडरोलर आणू म्हणाला होता. पण त्याच्या वरच्या लोकांनी हात झटकले. फरशा फुटतील, कोणाच्या पायावरून जाईल, जबाबदारी कोणाची? नाही म्हणजे नाही. म्हणून आता स्कॅन.

उल्काने पळी घेतली. खांदा बांधला, शाई लावली, कागद घातला आणि खालच्या कोपऱ्यातून घासायला लागली. तीन खिडक्या होईपर्यंत हाताला मुंग्या आल्या. पाचव्या खिडकीला हात लटकाच पडला, पळी घसरली आणि कागद टर्रकन फाटला.

श्रीनिवास चहा घेऊन आला. फाटलेल्या कागदाकडे त्याने पाहिलं. मग म्हणाला, "स्कॅन दिला तर काय होईल गं?"

"चित्र होणार नाही. चित्राचा फोटो होईल."

"लोकांना..."

"तू पण लोकांचंच सांगणार असशील तर चहा तिथेच ठेव आणि जा."

तो चहा ठेवून गेला. उल्का जमिनीवर बसून राहिली. आणि नेमकं तेव्हाच वरच्या मजल्यावर धडाधड सुरू झालं.

वर संजीवनी राहायची. चाळिशीची, बोलायला तिखट, बेडोकमधल्या मराठी बायकांचा मंगळागौरीचा संच तिनेच उभा केला होता. श्रावण जवळ आला की तिच्या दिवाणखान्यात सराव चालायचा. झिम्मा, फुगड्या, पिंगा, आठ-दहाजणींची पावलं एका तालात पडायची आणि खाली उल्काच्या कपाटातले पेले किणकिणायचे. उल्का दर वर्षी झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. संजीवनी दर वर्षी जिन्यात भेटली की म्हणायची, "उल्काताई, ठोकता काय, या की नाचायला." आणि उल्का दर वर्षी म्हणायची, "नऊवारी नेसून मी गोल गोल फिरणार नाही."

आजही तिचा हात सवयीने झाडूकडे गेला. छताकडे बघत ती दांडा उचलणार, तेवढ्यात वरून एक ठोका असा बसला की ट्यूबलाइट हलली. ती तशीच थांबली. पुढचा ठोका ऐकला. त्याच्या पुढचा. सगळ्या टाचा एकदम, एका जागी, पूर्ण वजनानिशी.

तिने झाडू टाकला आणि चपलाही न घालता वर गेली.

दार संजीवनीनेच उघडलं. घामाघूम झालेली, पदर खोचलेला. "बंद करतोय, बंद करतोय," ती लगेच म्हणाली. "पाच मिनिटं द्या, उल्काताई. भांडायचं तर उद्या सकाळी भांडू."

"बंद करू नकोस. मला तुमचे पाय पाहिजेत."

"अग्गो बाई! पाय धरायला आलात?" संजीवनीने आत वळून हाक दिली, "ए, या गं सगळ्या! उल्काताई शरण आल्या!"

"शरण-बिरण कोणी आलेलं नाही," उल्का म्हणाली. "काम आहे. आधी पाणी दे, मग सांगते."

तिने सांगितलं. रोडरोलरचं, खांद्याचं, भिंतीचं, त्या स्कॅनचं. बायका ऐकत होत्या. संजीवनीची मुलगी निहारिका, पॉलिटेक्निकमध्ये शिकणारी, फोनवरून मान वर काढून म्हणाली, "So we are the steamroller lah?"

"तू नाही, तुझी आई," कोपऱ्यातून सुरेखा म्हणाली, आणि हसण्याचा कल्लोळ झाला. सुरेखा संचात सगळ्यांत भारदस्त, हौगांगहून बस बदलत सरावाला यायची, उपासतापास काटेकोर. संजीवनीचं मन झालेलं होतं. "कोणाला फरक कळणार नाही म्हणाला का तो?" तिने विचारलं. "आमच्याकडे पण असंच म्हणतात. मंगळागौरीला यूट्यूबवरचं लावा आणि हात हलवा, कोणाला कळतंय. करू या आपण. उद्या हॉल आहेच आपल्याकडे."

हॉल म्हणजे कम्युनिटी क्लबची खोली, दर शनिवारी सरावासाठी घेतलेली. दुसऱ्या दिवशी श्रीनिवास आणि लाकूडवाला यांनी शीट तिथे आणून टाकली. थेट मोठ्या चित्राला हात घालण्याआधी उल्काने एका लहान फळीवर तालीम ठेवली. शाई लावली, कागद घातला. "हं, चढा."

पहिली सुरेखा चढली. कागदावर पाय पडला मात्र, तशी ती चटकन वाकली, बोटांनी कागदाला शिवली आणि हात कपाळाला लावला. कागद बोटभर सरकला. खालचं चित्र दुहेरी झालं.

"अगं, हात नको लावूस!" उल्का ओरडली.

"नाही लावत," सुरेखा म्हणाली. नवा कागद घातला. सुरेखाने पाय ठेवला आणि परत वाकली.

मग दुसरी आली. तिनेही तेच केलं. तिसरीने पाय असा अलगद ठेवला की अंड्यावर चालतेय जणू, आणि नमस्कार मात्र मनापासून केला. सिंगापुरात जन्मलेली, मराठीला इंग्रजीतून उत्तर देणारी निहारिका चढली, तर तिचाही हात आपसूक कपाळाला गेला. "Sorry, auntie," ती म्हणाली. "It's auto lah. I didn't even think."

लहान फळीवर जे उमटलं होतं ते चित्र म्हणायच्या लायकीचं नव्हतं. फिकट, सरकलेलं, मधेच बोटांचे डाग. उल्काचा पारा चढला. पुढच्या आठवड्याची भिंत तिला डोळ्यांसमोर दिसत होती आणि त्या भिंतीवर कोण्या फोटोग्राफरचे फोटो. "हे काय, देवळात आलात का?" ती म्हणाली. "हा कागद आहे, कागद! प्रेस काय प्रत्येक फेरीला माफी मागतं?"

सुरेखा शांतपणे म्हणाली, "तुम्ही द्या बघू पाय, उल्काताई."

"त्यात काय!"

उल्काने नवा कागद घातला आणि पाय उचलला. चाळीस वर्षं ती कागदांत जगली होती. कागद तिने भिजवले होते, फाडले होते, जमले नाहीत म्हणून चुरगाळून फेकले होते. पण कागदावर पाय? तो तिने कधी दिला नव्हता, आणि दिला नव्हता हे आजवर तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. ॲक्रनला घराघरांत फोनची जाडजूड डिरेक्टरी यायची. एकदा तिचा पाय त्या डिरेक्टरीला लागला तर आईने तिलाही नमस्कार करायला लावला होता, आणि शेजारची बार्बरा दारात उभी राहून ते डोळे फाडून बघत होती. उल्काचा पाय कागदाच्या वर तसाच तरंगत राहिला. मग तिने दात आवळून तो खाली ठेवला. आणि तिचा हात, दुखऱ्या खांद्याचा, वर न जाणारा उजवा हात, कपाळापर्यंत जाऊन आला.

संजीवनी फिस्सकन हसली, आणि सगळा हॉल हसायला लागला. सुरेखा तर भिंतीला टेकून, पदर तोंडावर धरून हसली. उल्काने रागावायचा प्रयत्न केला, पण तिलाही हसू फुटलं.

"हे बघा," संजीवनी डोळे पुसत म्हणाली. "सकाळी उठल्यावर जमिनीवर पाय टाकण्याआधी आपण एकदाच नमस्कार करतो की नाही? मग दिवसभर तिच्यावर नाचतो. पावलापावलाला कोण वाकतं? तसंच करू. आधी सगळ्यांनी मिळून एकदाच कागदाची माफी मागायची. दिवसभराची. त्यानंतर वाकायचं नाही, दया करायची नाही."

"आणि मधेच हात गेला तर?" सुरेखाने विचारलं.

"हात कमरेला बांध."

मोठ्या चित्राला शाई लावायला निम्मी दुपार गेली. उल्का डाव्या हाताने रोलर फिरवत होती, श्रीनिवास दुसऱ्या बाजूने. जवसाच्या तेलाचा वास हॉलभर पसरला. मग चौघींनी चार कोपरे धरून लांबच्या लांब जपानी कागद हळूच खाली सोडला. सगळ्या त्याच्या कडेला ओळीने बसल्या, बोटं जमिनीला लावून नमस्कार केला. या खेपेला उल्काही बसली, कोणी न सांगता.

मग ती खुर्चीवर चढली. "नीट ऐका. मधून सुरुवात करायची आणि कडेकडे जायचं, म्हणजे सुरकुती पडणार नाही. गिरकी कोणी घ्यायची नाही. पाय फिरवलात की चित्र फिरलं. फक्त उचलायचा आणि सरळ खाली. टाच. सगळं वजन टाचेवर."

"म्हणजे फुगडी नाही?"

"फुगडी नाही, पिंगा नाही. नुसती आदळआपट."

"हे आमच्या ह्यांना शिकवायला नको," कोणीतरी म्हणालं.

संजीवनीने टाळी दिली, सुरेखाने तोंडाने पक्‌पक्‌ करत पकवा धरला आणि पावलं पडायला लागली. आधी बिचकत. संजीवनी ओरडली, "काय पाहुण्या आलात का?" तशी ती जोरात पडली. चौघी उतरल्या की पुढच्या चौघी चढत होत्या. खालच्या मजल्यावरून कोणी तक्रार करणार नव्हतं, खाली मजलाच नव्हता. सुरेखा हात खरोखरच पदराने कमरेला बांधून नाचत होती आणि तिच्या टाचेखाली लाकूड कण्हत होतं.

"सुरेखा, एवढा जोर कुठून आणतेस?" उल्काने विचारलं.

"जावेचं तोंड आठवते," धापा टाकत सुरेखा म्हणाली.

त्या गोंधळात मुकुल येऊन दारात उभा राहिला. श्रीनिवासने परस्पर फोन करून बोलावलं होतं. तोंड उघडं टाकून तो बघत राहिला. "ए मुकुल, बघतोस काय, बूट काढ आणि चढ!" उल्काने खुर्चीवरून हुकूम सोडला. "त्या वरच्या कोपऱ्यात दाब कमी पडलाय, तुझं वजन कामाला येईल." तो "नको, मॅडम, मोजे फाटलेत" म्हणाला, आणि तेवढ्यावरच वाचला.

वरचा कोपरा शेवटी उल्काने स्वतः घेतला. खुर्चीवरून उतरली, तालात, टाचा आपटत, आकाशाच्या कडेने गेली. नऊवारी नव्हती आणि गोल गोलही ती फिरली नाही, त्यामुळे याला नाचणं म्हणायला ती आजही तयार नाही.

मग कागद उचलायची वेळ आली. उल्काने एक कोपरा चिमटीत धरून हळूहळू सोलायला सुरुवात केली. शाई सोडताना कागद चरचर आवाज करत होता. खिडक्या आल्या. बांबू आले. साड्या, गणवेश, फुलाफुलांची पायजम्याची जोडी. काळं असं दाट आणि खोल की अमेरिकेतल्या प्रेसवर तिला असं काळं क्वचितच मिळालं असेल. "आपल्या समोरची इमारत," संजीवनी पुटपुटली.

मग आकाश आलं, आणि उल्काचा हात थबकला.

आकाश मोकळं नव्हतं. पूर्ण पांढरं यायला हवं होतं, पण त्यात ठिकठिकाणी चंद्रकोरीसारख्या लहान लहान काळ्या कोरी उमटल्या होत्या. टाचांच्या. खणलेल्या भागात छिन्नीचे बारीक कंगोरे राहतात, त्यांनाही थोडी शाई लागते. प्रेसचा किंवा रोडरोलरचा लोखंडी दाब सपाट असतो, तो त्यांच्यापर्यंत पोचत नाही. टाच गोल. ती खळग्यात उतरते, कागदाला आत दाबते आणि कंगोऱ्यांवरची शाई घेऊन येते. हॅल्वरसन असते तर त्यांनी हा कागद जागच्या जागी फाडला असता. उल्कानेही विद्यार्थ्यांचे असले कागद फाडले होते.

"आमच्यामुळे झालं का?" सुरेखाने घाबरून विचारलं.

"हो, तुमच्यामुळे," उल्का म्हणाली.

"परत करू," संजीवनी लगेच म्हणाली. "दुसरा कागद घाला. वरच्या भागात हळू पाय टाकू, टाच लावतच नाही."

मुकुल पुढे आला होता. तो वाकून बघत होता, आणि खरंच भारावला होता, हे उल्काला दिसत होतं. "मॅडम, काय आलंय हे!" तो म्हणाला. "आकाशाचं टेन्शन घेऊ नका. मी याचा स्कॅन करून घेतो, तेवढे डाग साफ करतो आणि स्वच्छ प्रिंट काढतो. ओरिजिनल तुमच्याकडे राहू दे. कोणाला..." पुढचे शब्द त्याने गिळले.

उल्का कागदाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथून आकाश सगळं दिसत होतं. एकेक कोर वेगळी होती. सुरेखाची रुंद आणि खोल, निहारिकाची बारीक, कोपऱ्यातली एकुलती एक वाकडी तिची स्वतःची. आयुष्यभर लोकांनी तिला सांगितलं होतं, यात हे घाल, यातून ते काढ. हत्ती घाल, गणपती घाल. तिने ते कधी ऐकलं नव्हतं. आज पहिल्यांदा चित्रात तिने न घातलेलं काही आलं होतं, तेही कोणी मागून घेतलेलं नाही, ज्यांनी दाब दिला त्यांनी आपल्या वजनाने टाकलेलं. ते काढायला ती आता स्वतःचंही ऐकणार नव्हती.

"हळू पाय टाकायचा नाही," ती संजीवनीला म्हणाली. "दुसराही कागद छापायचाय, तिसराही. पण असाच. आणि प्रत्येकीने खाली पेन्सिलीने सही करायची. छापणाऱ्याचं नाव चित्रावर असतं, तसा नेम आहे."

"माझी सही बँकेतसुद्धा जुळत नाही हो," सुरेखा म्हणाली.

"इथे कोणी जुळवणार नाही."

"मॅडम," मुकुल चाचरत म्हणाला, "वरच्यांना मी काय सांगू? ते म्हणतील, हे डाग..."

"डाग म्हणाले तर सांग, पाय आहेत. कोणाचे ते खाली लिहिलंय. नको असेल तर भिंत फोटोग्राफरला द्या, मी हे बेडोकच्या बाजारात दोरीवर टांगीन. पण साफ करून लावणार नाही. स्कॅन मिळणार नाही. कळलं?"

मुकुलने कागदाकडे पाहिलं, मग बायकांकडे. घामाने निथळत, कमरेवर हात ठेवून सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या. त्याने फोन खिशात टाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकला.

"मोजे फाटलेत म्हणाला होतास ना?" संजीवनी म्हणाली.

"फाटलेलेच आहेत."

"मग काढ आणि ये," उल्का म्हणाली. "आधी हा वाळत घालायला दोरीपर्यंत न्यायचाय. तो कोपरा धर. सैल नको धरूस, ताण. शाई ओली आहे अजून."

मुकुलने कोपरा धरला.